हृदयाच्या सीटी अँजिओग्राफीतील फसवे डाग

हृदयाच्या धमन्यांची सीटी अँजिओग्राफी झाल्यावर अहवालात 'आर्टिफॅक्ट' हा शब्द आढळला, की रुग्ण व नातेवाईक गोंधळून जातात. आर्टिफॅक्ट म्हणजे प्रतिमादोष. धमनीत प्रत्यक्षात नसलेली, परंतु चित्रात उमटलेली खूण.

या धमन्या साधारणतः २ ते ४ मिलिमीटर रुंद असून हृदयाबरोबर सतत हलत असतात. त्यामुळे ईसीजीच्या आधारे, दोन ठोक्यांमधील हृदय तुलनेने स्थिर असण्याचा क्षण यंत्राने टिपावा लागतो.

हालचालीचा दोष : ठोके जलद वा अनियमित असल्यास धमनीच्या कडा पुसट किंवा दुहेरी दिसतात. वेगाने हलणाऱ्या उजव्या धमनीत हा दोष विशेष आढळतो. तपासणीच्या वेळी श्वास सुटल्यास धमनी मध्येच तुटून पायरीसारखी सरकल्याचा भास होतो. म्हणूनच ठोके मिनिटाला ६० च्या आसपास आणण्यासाठी अनेकदा बीटा ब्लॉकर औषध दिले जाते आणि काही सेकंद श्वास रोखण्यास सांगितले जाते.

कॅल्शियम व स्टेंट : धमनीच्या भिंतीत साचलेले कॅल्शियम आणि स्टेंटचा धातू चित्रात मूळ आकारापेक्षा मोठे दिसतात. याला 'ब्लूमिंग' म्हणतात. त्यामुळे आतील पोकळी झाकली जाऊन अडथळा प्रत्यक्षाहून अधिक गंभीर भासतो. ३ मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या स्टेंटमधील स्थिती पाहणे अधिकच कठीण असते. 'फोटॉन काउंटिंग' तंत्राच्या सीटी यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये मान्यता दिली. या यंत्रामुळे हा दोष कमी होतो, मात्र पूर्णपणे नाहीसा होत नाही.

निदान कसे होते? : शंका आल्यास तज्ज्ञ ठोक्याच्या वेगवेगळ्या क्षणांची चित्रे ताडून पाहतात. खरा अडथळा सर्व चित्रांत कायम राहतो. हालचालीमुळे उमटलेली खूण बदलते किंवा नाहीशी होते. कॅल्शियमच्या बाबतीत मात्र ही कसोटी पुरेशी ठरत नाही. अशा वेळी स्ट्रेस तपासणी किंवा कॅथेटरद्वारे अँजिओग्राफी सुचवली जाते.

स्पष्ट प्रतिमांत धमन्या मोकळ्या दिसल्यास तो निष्कर्ष बराच विश्वासार्ह मानला जातो. प्रतिमादोषामुळे एखादा भाग वाचता आला नसेल, तर त्या भागाचे निदान अपुरे राहिले, एवढाच त्याचा अर्थ होतो. तेथे अडथळा आहे असे गृहीत धरून घाबरू नये आणि नाही असे मानून निर्धास्तही राहू नये. कोणता भाग वाचता आला नाही आणि पुढील तपासणी हवी का, हे दोन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावेत.