अंकचौकोनाची वंशावळ

मुळशी तालुक्यातील मौजे कोळवण येथे, जेथे वाळकी नदीच्या काठाने भाताची खाचरे पायरीपायरीने उतरत जातात, तेथेही पुण्याच्या वर्तमानपत्रांतून येणारे सुडोकूचे कोडे आता कोणाला अपूर्व वाटत नाही. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या स्तंभात आणि नऊ घरांच्या प्रत्येक पेटीत एक ते नऊ हे अंक एकेकदाच यावेत, एवढीच त्याची अट. शब्दकोड्यास भाषा लागते, यास लागत नाही. आणि माझ्या मते त्याच्या जगभरच्या प्रसाराचे मुख्य कारण हेच होय.

हे कोडे जपानी आहे, हा समज मात्र अर्धाच खरा. अमेरिकेतील हॉवर्ड गार्न्स या वास्तुविशारदाने रचलेली ही कोडी १९७९ मध्ये तेथील एका कोडी-मासिकात प्रथम आली. १९८४ मध्ये जपानच्या निकोली संस्थेने ती उचलून त्यांना आजचे नाव दिले. आणि हाँगकाँगमधील निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांनी संगणकाकरवी ती तयार करण्याची तजवीज केल्यावर, १२ नोव्हेंबर २००४ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ती छापली जाऊन अल्पावधीत देशोदेशी पसरली.

परंतु पेट्यांची अट बाजूस ठेवली असता जो चौकोन उरतो, त्याचे कुल फार जुने आहे. नारायण पंडिताने १३५६ मध्ये रचलेल्या ‘गणितकौमुदी’त भद्रगणिताचा, म्हणजे जादूच्या चौकोनांचा, स्वतंत्र अध्याय असून, त्यात छाद्य आणि छादक असे दोन चौकोन एकमेकांवर ठेवून तिसरा सिद्ध करण्याची रीत सांगितली आहे. दोन चौकोनांच्या अशाच मीलनाचा प्रश्न स्विस गणिती ऑयलरने १७८२ मध्ये निराळ्या रूपाने मांडला: सहा पलटणींतील सहा निरनिराळ्या हुद्द्यांचे छत्तीस अंमलदार अशा रीतीने उभे करावयाचे, की कोणत्याही ओळीत वा स्तंभात पलटण अथवा हुद्दा दुसऱ्यांदा येऊ नये. हे अशक्य असावे, एवढेच नव्हे, तर दहा, चौदा, अठरा अशा बाजूंच्या चौकोनांतही ते अशक्यच असावे, असा त्याचा तर्क होता. सहापुरता तो खरा असल्याचे फ्रेंच गणिती तारी याने १९०० च्या सुमारास दाखविले. उरलेल्या संख्यांचा निकाल मात्र पावणेदोनशे वर्षे लागला नाही.

तो लावणाऱ्या तिघांत शरदचंद्र शंकर श्रीखंडे होते. सागर येथे १९१७ मध्ये जन्मलेले आणि नागपुरास शिकलेले हे मराठी गणिती, आपले गुरू राजचंद्र बोस यांच्यासह १९५९ मध्ये बावीस घरांच्या बाजूच्या चौकोनांची अशी जोडी रचून दाखविते झाले. तिघांतील तिसरे, पार्कर, यांनी दहाची रचिली. आणि पुढे तिघांनी मिळून दोन व सहा वगळता ऑयलरचा तर्क सर्वत्र खोटा ठरविला. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही वार्ता पहिल्या पानावर छापली. गणिताच्या सिद्धांतास असा मान क्वचितच लाभतो.

हे चौकोन केवळ बुद्धिविलासाचे नव्हेत. उतारावरील खाचरात जमिनीचा कस वरून खाली आणि पाटापासून बांधाकडे, असा दोन्ही दिशांनी बदलत असल्यामुळे, प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या-उभ्या पट्ट्यात एकेकदाच पेरला, तरच वाणांची तुलना निष्पक्ष होते. संख्याशास्त्रज्ञ फिशरने हीच रीत शेतीच्या प्रयोगांत रूढ केली. पुढे १९५६ मध्ये बेहरेन्स या जर्मन संशोधकाने तीत ठराविक गटांची अधिक अट घातली, आणि गणिताच्या दृष्टीने सुडोकू हा त्याच रचनेचा एक प्रकार ठरतो.

मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुखपद भूषविलेले श्रीखंडे २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तले. रोज सकाळी हे कोडे सोडविणाऱ्या हजारो मराठी वाचकांस त्यांचे नाव ठाऊक नसावे, ही गोष्ट मला खेदाची वाटते; निदान आपल्या शाळांतील गणिताच्या शिक्षकांनी तरी हा चौकोन फळ्यावर काढताना त्यांचा उल्लेख करावा.