बालकल्याण, इंग्रजीभाषक देशांतील

ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांतील मुलांच्या व किशोरांच्या स्थितीचा तौलनिक अभ्यास. भाषा, कायद्याची परंपरा व प्रशासनाची घडण जवळची असल्याने हे देश एका गटात धरतात. मुख्य आधार युनिसेफच्या फ्लॉरेन्स येथील इनोचेंती केंद्राचे अहवाल.

२००७ च्या अहवालात २१ श्रीमंत देशांत अमेरिका विसावी, तर ब्रिटन शेवटचे होते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड अपुऱ्या माहितीमुळे वगळले होते. अहवालात तपासलेल्या सहा घटकांपैकी नातेसंबंधांचा घटक सर्वांत मोलाचा मानावा लागेल. आईवडील मुख्य जेवण सोबत घेतात का, नुसत्या गप्पा मारायला वेळ काढतात का, वर्गसोबती मायेने वागतात का, हे त्यात खुद्द मुलांना विचारलेले होते. ज्याच्याविषयी बोलायचे त्यालाच विचारावे, ही साधी गोष्ट आकडेवारीत फार उशिरा आली. एकपालक कुटुंबांतील मुलांचे प्रमाणही याच घटकात होते. हा निकष अन्यायकारक वाटू शकतो, असे अहवालातच नमूद आहे.

२०२० च्या अहवालात ३८ देशांत आयर्लंड १२, ब्रिटन २७, कॅनडा ३०, ऑस्ट्रेलिया ३२, न्यूझीलंड ३५ व अमेरिका ३६ व्या स्थानी. निकष बदलल्याने २००७ च्या क्रमांकांशी थेट तुलना करता येत नाही.

बालदारिद्र्य : कॅनडाच्या संसदेने १९८९ मध्ये एकमताने ठराव करून २००० पर्यंत ते संपवण्याचा निर्धार केला, तो सिद्धीस गेला नाही. ब्रिटनने २०१० मध्ये कायद्याने ठरवलेली उद्दिष्टे २०१६ मध्ये रद्द केली. न्यूझीलंडचा याविषयीचा कायदा २०१८ चा. सर्वांत बोलका दाखला अमेरिकेचा. २०२१ मध्ये बालक-करसवलत सहा वर्षांखालील मुलामागे ३,६०० डॉलर, मोठ्या मुलामागे ३,००० डॉलरपर्यंत वाढवली आणि तिचा निम्मा भाग जुलैपासून दरमहा थेट पालकांच्या हाती दिला. सरकारी मदत धरून काढलेला बालदारिद्र्याचा दर त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आला. वाढीव सवलत संपली आणि २०२२ मध्ये तो १२.४ टक्के झाला. एवढ्या थोड्या काळात कारण व परिणाम इतके स्पष्ट दिसल्याचे उदाहरण या विषयात विरळ.

बालहक्क : १९८९ च्या बालहक्क करारावर अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. कराराला मान्यता न दिलेला संयुक्त राष्ट्रांचा हा एकमेव सदस्य देश.

मूलनिवासी मुले : न्यूझीलंडमधील माओरी, कॅनडातील व ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी मुलांची हलाखी राष्ट्रीय सरासरीत झाकली जाते.

समाजमाध्यमे : ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांच्या खात्यांवर १० डिसेंबर २०२५ पासून बंदी.