खडेबाजारातील वही, कार्ड आणि बायोडेटा

बेळगावात खडेबाजार दोन आहेत. एक शहराच्या पेठेत, दुसरा लगतच्या शहापुरात. बेळगाव १८१८ साली इंग्रजांकडे गेले, तर शहापूर संस्थाने विलीन होईपर्यंत सांगलीकर पटवर्धनांचे राहिले. राजवटी वेगळ्या असल्या तरी पेठेतल्या व्यवहाराची रीत एकच होती. गिऱ्हाइकाचे गाव, त्याची पत आणि त्याच्या घरची अडचण दुकानदाराला ठाऊक असे आणि त्यातले बरेचसे त्याच्या वहीतही असे.

रोजकीर्दीत दिवसाचा जमाखर्च आणि खतावणीत प्रत्येक खातेदाराचे स्वतंत्र पान, अशी मांडणी असे. त्या पानावर खातेदाराचे व बापाचे नाव, गाव, उधारीची रक्कम आणि गहाण ठेवलेला जिन्नस येई. पाटल्या कोणत्या महिन्यात गहाण पडल्या आणि केव्हा सुटल्या, एवढ्यावरूनही घरातले लग्न, आजारपण किंवा बुडालेले पीक जाणत्याला कळे. मात्र हा मजकूर मोडी लिपीत असे. तो वाचू शकणारे थोडे आणि वही उघडू शकणारे त्याहून थोडे. दिवाळीत नवी वही पूजेला लागली की जुनी बासनात बांधून माळ्यावर जाई.

म्हणून ही वही निरुपद्रवी होती असे नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा पहिला रोख कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. आपल्याविषयी काय लिहिले आहे हे आपल्यालाच वाचता येत नाही, ही त्या संतापामागची एक खरी जखम होती. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. फेडीची पावती आणि खात्याचा उतारा मागण्याचा हक्क त्याने ऋणकोला दिला. दुसऱ्याच्या दप्तरातली स्वतःविषयीची नोंद पाहण्याचा हा हक्क खासगी माहितीविषयीच्या आजच्या वादाच्या मुळाशीही आहे.

त्याच वर्षी, १ जुलै १८७९ पासून, पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले. उघडा मजकूर पोस्टमनच्या हातून, दारात भेटलेल्या शेजाऱ्याच्या नजरेखालून घरात येऊ लागला. लोकांनी त्यावर आपली शिस्त बसवली. कार्डावर क्षेमकुशल, पावसापाण्याची हकीकत आणि गाडीची वेळ लिहायची. देण्याघेण्याचे आणि सोयरिकीचे बंद पाकिटात, १९५० नंतर अंतर्देशीय पत्रात. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. ते उंबऱ्याबाहेरच वाचून फाडून टाकत, घरात ठेवत नसत. १८९८ च्या टपाल कायद्याने पत्र बेकायदा उघडणाऱ्या टपाल नोकराला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली, पण सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणाखाली टपाल अडवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे राखला.

खासगी माहिती जपण्याची सर्वांत काटेकोर रीत स्थळे पाहण्यात होती. बेळगाव आणि निपाणीच्या मराठी घरांची सोयरीक कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडपर्यंत पसरलेली. १९५६ साली राज्यांची हद्द मधून गेली तरी ती तुटली नाही. मुलीचे टिपण मामा किंवा आत्या स्वतः घेऊन जात. त्यात जन्मवेळ, रास, नक्षत्र, कुळी आणि देवक असे. फोटो सोबत असेच असे नाही. योग जुळला नाही तर टिपण आणि फोटो परत करण्याचा रिवाज होता आणि तो न पाळणाऱ्याला नातेवाईक जाब विचारत. कागद कोणाकडे आहे, हे मुलीच्या घरी नेमके ठाऊक असे.

आज टिपणाची जागा बायोडेटाने घेतली आहे आणि तो व्हॉट्सअॅपवरून एका गटातून दुसऱ्या गटात जातो. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, पत्ता, वडिलांचा मोबाइल नंबर, नोकरीचे ठिकाण, पगार आणि फोटो, सारे एका पानावर. खाली रिवाजाप्रमाणे मामाचे नाव, आडनाव आणि गाव. मामाचे आडनाव म्हणजे आईचे माहेरचे आडनाव. बँकेच्या खातेदाराची ओळख पटवताना कित्येक ठिकाणी हाच प्रश्न विचारला जात आला आहे. नात्याची खूण म्हणून लिहिलेली ओळ ठकसेनाच्या कामाची ठरते, ती अशी. शिवाय हा कागद परत मागायचा कोणाकडे, हे कोणालाच सांगता येत नाही. मुलीचे लग्न होऊन वर्षे लोटली तरी तिचा फोटो फिरत राहू शकतो.

एकाच्या हातून अनेकांची माहिती कशी जाते, याचा हिशेब २०१८ साली फेसबुकनेच दिला. केंब्रिज अॅनालिटिका या कंपनीच्या प्रकरणात ज्या अॅपमधून माहिती गेली, ते भारतातल्या ३३५ जणांनी घेतले होते. माहिती गेली असण्याची शक्यता मात्र ५,६२,४५५ जणांची होती, कारण अॅप घेणाऱ्यांच्या मित्रयादीतले लोकही त्यात ओढले गेले. सीमाभागात राज्यांच्या हद्दीच्या निषेधार्थ १ नोव्हेंबरला पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीचा फोटो टाकणारा एकच असतो, पण त्यात चेहरे दिसतात ते अनेकांचे. त्या सगळ्यांना विचारले जात नाही आणि ते विचारले गेलेच पाहिजे.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. आपल्याविषयीची नोंद पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला सांगण्याचा हक्क त्यात आहे. मात्र एखाद्या व्यक्तीने स्वतःहून जी माहिती सर्वांसाठी खुली केली, तिला हा कायदा लागू होत नाही.