दमडीच्या मोलाचें नगर

नवें शहर पाहावयास निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा खर्चाचा असतो. गाडीभाडें किती, उतरावयाचें कोठें, दारावर तिकीट किती, वाटाड्याला काय द्यावें, हा हिशेब मांडतां मांडतां पुष्कळांची सहल घरच्या ओटीवरच संपते. अहमदनगरच्या बाबतींत मात्र हा हिशेब निराळा पडतो. या शहरांत पाहण्यासारखें जें कांहीं आहे, त्यांतील बराच मोठा भाग उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, नदीच्या बाजूला किंवा डोंगराच्या माथ्यावर उभा आहे. पायांत बळ आणि हाताशीं एक-दोन मोकळे दिवस असले म्हणजे पांच शतकांचा इतिहास येथें अगदीं थोडक्या खर्चांत पाहावयास मिळतो. आणि गंमत अशी कीं, थोडक्या पैशांतून मोठें काम कसें उभें राहतें याची एक दगडी साक्षच या शहरांत आहे. तिचें नांव दमडी मशीद. परंतु तिच्याकडे जाण्यापूर्वीं शहराचा जन्म कसा झाला तें पाहिलें पाहिजे.

इ. स. १४९० च्या मे महिन्यांत मलिक अहमद यानें भिंगार गांवाजवळ बहामनी फौजेचा पराभव केला. जुन्नर हें तोंवर त्याचें ठाणें होतें आणि दौलताबादच्या किल्ल्यावर त्याचा डोळा होता. या दोन स्थळांच्या दरम्यानची ही जागा त्याच्या मनांत भरली. जेथें जय मिळाला तेथेंच त्यानें वाडा बांधला व बाग लाविली. ती बाग निजाम. १४९४ सालीं सीना नदीच्या काठीं शहराची उभारणी सुरू झाली आणि संस्थापकाच्या नांवावरून तें अहमदनगर झालें. पुढें पांचशें तीस वर्षांनीं, २०२४ सालीं, याच जिल्ह्यांतील चौंडी येथें जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांच्या स्मरणार्थ अहिल्यानगर हें नांव देण्यांत आलें. लोकांच्या बोलण्यांत मात्र तें पूर्वींहि ‘नगर’ होतें आणि आजहि ‘नगर’च आहे.

शहराचा आरंभ बागेंत झाला, आणि बाग म्हटली कीं पाणी आलें. सीनेला उन्हाळ्यांत पाणी बेताचेंच. म्हणून निजामशाही कारागिरांनीं कापूरवाडी, वडगांव अशा आसपासच्या गांवांकडून जमिनीखालून खापरी नळ घालून पाणी शहरांत खेळविलें. त्या पाण्यावर हौद, कारंजीं आणि बागा फुलल्या. सावेडीच्या बाजूला हश्त-बिहिश्त बागेचे, म्हणजे लोकांच्या बोलींतील बेहेस्तबागेचे, अवशेष आहेत. तळ्याच्या मधोमध बांधलेला हा अष्टकोनी महाल आतां पडक्या स्थितींत आहे. परंतु एका कोरड्या मुलखांतल्या राजधानीनें स्वर्गाची कल्पना पाण्याच्या रूपानें केली होती, एवढें त्या पडक्या भिंतींवरूनहि कळतें.

प्रवाशानें आपली फेरी माळीवाड्याच्या वेशीपासून सुरू करावी. वेशींतून आंत शिरून विशाल गणपतीचें दर्शन घ्यावें आणि जुन्या पेठांतून चालत दिल्ली दरवाजा गांठावा. हुसेन निजामशहाच्या काळीं शहराभोंवतीं तट घालण्यांत आला. त्या तटाचें स्मरण आतां या दरवाजांवरूनच होतें. शहराच्या पश्चिमेस बागरौजा आहे. काळ्या दगडाच्या या वास्तूंत संस्थापक अहमद निजामशहा याची कबर आहे. तिच्याजवळच एक लहानशी घुमटी आहे. १५६५ सालच्या तालिकोटच्या लढाईंत विजयनगरच्या रामरायास पकडणाऱ्या गुलामअली नांवाच्या हत्तीचें तें स्मारक होय, असें सांगतात. राजाशेजारीं हत्तीचें स्मारक करणारें हें शहर कृतज्ञतेच्या बाबतींत कंजूष नव्हतें.

शहरांत १५३७ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहानें बांधविलेला बारा इमामांचा कोटला आहे. त्याच राजाच्या कारकीर्दींत, १५४९ सालीं, रूमीखान यानें ‘मुलूख-मैदान’ ही प्रचंड तोफ येथेंच ओतली. ती तोफ पाहावयाची तर आज विजापुरास जावें लागतें. परंतु युद्धसामग्रीशीं या गांवाचा संबंध तेव्हांपासून सुटला नाहीं. १९९४ सालीं येथें रणगाड्यांचें संग्रहालय स्थापन झालें. पहिल्या महायुद्धाच्या काळांतील चिलखती मोटारीपासून १९६५ च्या युद्धांत हस्तगत केलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंतचीं वाहनें तेथें मांडलेलीं आहेत. त्याचें प्रवेशशुल्क अल्प आहे. जिल्ह्याच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयांतील हस्तलिखितें आणि नाणीं पाहावयासहि खिसा रिकामा करावा लागत नाहीं.

केवळ पाहण्यानें काय साधतें, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर याच शहरानें एकदां दिलें आहे. अमेरिकन मराठी मिशनचें काम येथें १८३१ पासून चालू होतें आणि मिस फॅरार या बाई येथें मुलींच्या शाळा चालवीत. जोतीराव फुले नगरास आले असतां त्यांनीं ती शाळा पाहिली. मुली शिकत आहेत हें दृश्य त्यांनीं डोळ्यांत साठवून नेलें आणि १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढली. परगांवीं जाऊन डोळे उघडे ठेवणें एवढीच ती गोष्ट. परंतु तिच्यांतून महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाला केवढी चालना मिळाली! सहलीचें मोल खर्चावरून ठरत नाहीं, पाहणाऱ्याच्या दृष्टीवरून ठरतें, याला याहून चांगला दाखला मिळणें कठीण.

आतां किल्ल्याकडे वळावें. मूळचा मातीचा कोट पाडून हुसेन निजामशहानें १५५९ ते १५६२ या काळांत तो दगडानें बांधून काढला. वाटोळ्या आकाराचा, भोंवतीं खोल खंदक असलेला हा भुईकोट एक मैलाहून थोडा अधिक घेराचा आहे. याच कामावर राबणाऱ्या मजुरांनीं आपल्या रोजच्या मजुरींतून एकेक दमडी बाजूस काढली आणि त्या पैशांतून किल्ल्याच्या पूर्वेची मशीद उभी राहिली, अशी परंपरागत कथा आहे. मशिदीचें साल १५६७ असें देतात आणि ती बांधविणारा साहिरखान होता असेंहि सांगतात. कथेंतील प्रत्येक दमडीचा जमाखर्च आज कोणी मांडून दाखवूं शकणार नाहीं. परंतु किल्ल्याचें दगडी काम पुरें झाल्यावर पांच वर्षांनीं मशीद होते, हा क्रम कथेला प्रतिकूल नाहीं. मशीद आकारानें मोठी नाहीं. तिचे दगड मात्र असे घडविलेले आहेत आणि त्यांवरील नक्षी अशी नाजूक आहे कीं, हें काम पोटासाठीं नव्हे तर आवडीनें केलें असावें असें पाहणाऱ्यास वाटावें. राजासाठीं बांधलेला तट आणि स्वतःसाठीं बांधलेली मशीद हीं दोन्ही त्याच हातांचीं कामें असतील, तर नगरचा इतिहास केवळ निजामशहांचा नव्हे, तो पाथरवटांचा आणि बिगाऱ्यांचाहि आहे.

याच किल्ल्यांत दमडीच्या कथेला शोभेल अशी आणखी एक कथा घडली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद याच्या फौजेनें वेढा घातला, तेव्हां हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी हिनें किल्ला लढविला. सुरुंगानें तट फुटला असतां तिनें स्वतः उभें राहून रातोरात खिंडार बुजविलें. गोळे संपल्यावर तिनें तांब्याचीं, मग रुप्याचीं, शेवटीं सोन्याचीं नाणीं तोफांत भरून शत्रूवर सोडलीं, असें परंपरा सांगते. बापानें बांधलेला तट मुलीनें राखला. पुढें १६०० सालीं तिच्याच माणसांनीं तिचा घात केला आणि मग किल्ला मोगलांच्या हातीं गेला. मजुरांची दमडी आणि चांदबिबीचें सोनें, दोन्हींचा विनियोग एकाच आवारांत झाला. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाहीं’ या म्हणीला दोन्हीं कथांनीं खोटें पाडलें आहे.

त्यानंतरचा काळ धांवत्या दृष्टीनें पाहिला तरी चालेल. १८०३ च्या ऑगस्टांत जनरल वेलस्लीनें शिंद्यांकडून प्रथम पेठ आणि मग किल्ला घेतला. १९४२ च्या ऑगस्टांत काँग्रेसचे पुढारी याच तटांत कैदेंत आले. पंडित नेहरूंनीं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९४४ सालीं येथें लिहिला आणि मौलाना आझाद यांचीं ‘गुबार-ए-खातिर’ या संग्रहांतील पत्रेंहि येथेंच लिहिलीं गेलीं. किल्ला लष्कराच्या ताब्यांत आहे. म्हणून आंत जाण्याचे वार व नियम आधीं विचारून ठेवावेत आणि ओळखपत्र जवळ बाळगावें.

किल्ल्यापासून पुढें भिंगारच्या बाजूला औरंगजेबाच्या अखेरीची जागा आहे. १७०७ सालीं तो येथें वारला आणि त्याचा देह खुलताबादेस नेण्यांत आला. टोप्या शिवून मिळविलेल्या चार रुपये दोन आण्यांतच आपला अंत्यविधि उरकावा, असें त्यानें लिहून ठेविलें होतें, असें सांगतात. पंचवीस वर्षें दक्षिणेंत खजिना ओतून ज्याला मनासारखा जय मिळाला नाहीं, त्याच्या शेवटच्या हिशेबांतली ही रक्कम विचार करावयास लावणारी आहे. शहराच्या आग्नेयेस फराहबाग आहे. कोरड्या पडलेल्या तलावाच्या मधोमध उभा असलेला हा अष्टकोनी महाल १५८३ च्या सुमारास पुरा झाला. आधींचें बांधकाम मुर्तजा निजामशहाच्या मनास न आल्यानें तें पाडून पुन्हां बांधविण्यांत आलें. राजाच्या लहरीचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न दमडी मशीद पाहून आलेल्या माणसास येथें सुचल्यावांचून राहत नाहीं.

दुसरा दिवस हाताशीं असेल तर पाथर्डीच्या वाटेनें शहा डोंगर गांठावा. शहरापासून तो १३ किलोमीटरांच्या सुमारास आहे. माथ्यावरील तीन मजली अष्टकोनी इमारतीला सर्वजण चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती मुर्तजा निजामशहाचा दिवाण सलाबतखान याची कबर आहे. लोकांचें प्रेम चांदबिबीवर जडलें आणि दिवाणाची कबरहि त्यांनीं तिला देऊन टाकली. सलाबतखान हा कर्ता पुरुष होता. भातवडीचा तलाव त्यानेंच बांधविला असें म्हणतात. १६२४ सालीं मलिक अंबरानें त्याच तलावाचें पाणी सोडून मोगल व विजापूरकर यांच्या फौजा जेरीस आणल्या आणि लढाई जिंकली. सकाळच्या उन्हांत भाकरीची शिदोरी घेऊन वर चढणाऱ्यास खालीं सारें नगर, त्याचे माळ आणि रस्ते एका दृष्टिक्षेपांत दिसतात. वारा मात्र असा भणाणतो कीं टोपी सांभाळावी लागते.

एवढें सारें थोडक्या पैशांत मिळतें, ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु तिच्यांतच एक धोका आहे. जें फुकट मिळतें त्याची किंमत राहत नाहीं. बेहेस्तबाग पडत गेली, फराहबागेचा तलाव आटला, खापरी नळ जमिनींत बुजले. यांतील कोणत्याहि गोष्टीसाठीं शत्रूला तोफ डागावी लागली नाहीं. पुरातत्त्व खात्याचा फलक कायद्याची आठवण देऊं शकतो, आस्था निर्माण करूं शकत नाहीं. ती लोकांच्या येण्याजाण्यानें निर्माण होते. ज्या जागेला मुलेंबाळें घेऊन माणसें येतात, जिची कथा घरीं परतल्यावर सांगितली जाते, तिच्या भिंतीवर नांव खरडणाऱ्याचा हात धरणारा कोणीतरी निघतो.

म्हणून काटकसरीनें हिंडणाऱ्या माणसानें आपण कमी प्रतीचे प्रवासी आहोंत असें मानण्याचें कारण नाहीं. त्यानें वाचविलेल्या पैशांच्या बदल्यांत थोडी झीज सोसावी: कचरा मागें ठेवूं नये, दगडास चुना किंवा कोळसा लावूं नये, आणि ऐकलेली दंतकथा सांगतांना ती दंतकथा आहे हेंहि सांगावें. किल्ल्यावर घाम गाळून उरलेल्या मजुरींतील एकेक दमडी ज्यांनीं बाजूस काढली, त्यांचीं नांवें कोणत्याहि शिलालेखांत नाहींत. त्यांच्या मशिदीपुढें दहा मिनिटें उभें राहून ती नीट पाहणें, हें त्यांचें देणें फेडण्याची सुरुवात आहे. आणि तेवढें तर कोणालाहि परवडतें.