‘क्रिस्तपुराणा’ची ओवी

छंदशास्त्र म्हटले की अक्षरे, मात्रा आणि गण यांचा हिशेब डोळ्यांपुढे उभा राहतो आणि विषय रुक्ष वाटू लागतो. परंतु एखाद्या काव्याचे आयुष्यच त्याच्या छंदाच्या आधाराने टिकले, असेही इतिहासात घडते. गोमंतकातील फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक. 1579 मध्ये ते गोव्यास आले आणि 1619 मध्ये निवर्तले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्या काळी जुनी पुराणे वर्ज्य ठरली होती. त्यांच्या जागी तशाच धर्तीचा ग्रंथ आपणास मिळावा, ही त्या लोकांची मागणी काव्याच्या आरंभीच आली आहे. जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तचरित्रापर्यंतची कथा सांगणारे, सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य 1616 साली रोमन लिपीत छापले गेले. लिपी परकी, कथा परकी. छंद मात्र ज्ञानेश्वरांपासून चालत आलेला.

या छंदाची घडण पाहण्यासाठी आपणच एक ओवी जुळवू या :

नदीकाठी उभा राही
पैलतीर दुरून पाही
नाव कोठे दिसत नाही
सांजवेळी

पहिल्या तीन चरणांची अक्षरे आठ, नऊ, नऊ. चौथ्याची अवघी चार. म्हणजे अक्षरसंख्येचे बंधन सैल आहे. घट्ट आहे ते पहिल्या तीन चरणांचे यमक. चौथा चरण आखूड असतो आणि यमकातून मोकळा असतो. तीन वेळा एकच नाद ऐकून कान चौथ्याची वाट पाहतो. तो नाद येत नाही, म्हणून त्या शेवटच्या शब्दांवर लक्ष खिळते. दीर्घ कथा सांगणाऱ्यास ही सोय फार मोलाची. अक्षरे मोजण्यापायी कथेची ओढ थांबत नाही आणि दर चौथ्या चरणाशी श्रोत्यास विसावा मिळतो.

स्टीफन्स यांनी या विसाव्याचे मर्म किती नेमके ओळखले होते, हे त्यांच्या मराठीच्या प्रसिद्ध स्तुतीत दिसते. तेथे फुलांत मोगरा, परिमळांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर, वृक्षांत कल्पतरू अशा उपमा ओळीने येतात. ‘माजी’ आणि ‘मध्ये’ ही अव्यये पुनःपुन्हा येतात, वाक्याचा साचाही तोच राहतो. एरवी अशी पुनरुक्ती कंटाळवाणी झाली असती. येथे मात्र साऱ्या उपमा यमकाच्या चरणांत बसतात आणि ‘मराठी’ हे नाव ओवीमागून ओवी त्या मोकळ्या, आखूड चरणात येऊन थांबते. पुनरुक्ती पायऱ्या रचते, यमक त्या चढविते आणि चौथा चरण देवमूर्तीपाशी नेऊन उभा करतो. या स्तुतीचे बळ उपमांच्या निवडीइतकेच या मांडणीत आहे.

पुढे काळ प्रतिकूल झाला. 1684 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान काढले. सतराव्या शतकात या काव्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांतील एकही प्रत आज हाती नाही. परंतु गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, ओव्या चालीवर म्हटल्या. त्याच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्डान्हा यांनी 1907 मध्ये मंगळूर येथे हे काव्य पुन्हा छापले. पुण्यात शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली ती 1956 मध्ये.

अशा प्रवासात छंदाने काय राखले? चरणाच्या शेवटचा शब्द बदलला की तीनपैकी एक यमक मोडते आणि चूक कानाला तत्काळ कळते. चरणाच्या पोटातील शब्दांना मात्र तेवढे संरक्षण नाही. अक्षरसंख्या सैल असल्याने तेथे एखादा शब्द सहज बदलू शकतो. म्हणून पाठभेद पडताळणाऱ्याने यमकाच्या जागी अधिक विश्वास ठेवावा आणि मधल्या जागी अधिक सावध असावे.

छापील प्रती लोपल्या, राज्यकर्त्यांनी भाषेवर बंदी घातली, तरी ओवी म्हणणाऱ्यांच्या ओठी राहिली. ज्या लोकांची पुराणे हिरावली गेली होती, त्यांना स्टीफन्स यांनी त्यांच्याच कानाला ओळखीची चाल दिली; आणि त्या लोकांनी त्या चालीच्या बळावर काव्य तीनशे वर्षे सांभाळून परत केले.