नावाचा रकाना

2003 च्या पावसाळ्यात आमच्या छापखान्यात एक सरकारी फॉर्म छपाईला आला. वय, शिक्षण, कितवे बाळंतपण, नवऱ्याचा व्यवसाय, राहणे शहरात की खेड्यात, असे त्यात रकाने होते. प्रूफ वाचताना मला वाटले की मूळ प्रतीत ‘नाव’ हा रकाना राहूनच गेला आहे. मी आपण होऊन तो पहिल्या ओळीत घातला. दुसऱ्या दिवशी प्रूफ परत आले. ‘नाव’ लाल शाईने खोडले होते आणि शेजारी एकच शब्द होता : ‘नको’.

तो फॉर्म एचआयव्हीच्या वार्षिक पाहणीचा होता, हे मला नंतर कळले. मी डॉक्टर नाही. दहावीनंतर खिळे जुळवायला बसलो, पुढे ऑफसेट आले, त्यातच आयुष्य गेले. जे शिकलो ते ग्रंथालयांत आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून. पण तो ‘नको’ डोक्यातून गेला नाही. काही वर्षांनी एका ओळखीच्या लॅब टेक्निशियनने मला एक कार्ड दाखवले. जाडसर, बिनचकाकीचा, टिपकागदासारखा कागद. त्यावर छापलेली वर्तुळे आणि प्रत्येक वर्तुळात सुकलेल्या रक्ताचा तपकिरी डाग. एचआयव्ही झालेल्या आईच्या सहा आठवड्यांच्या बाळाचे ते रक्त. माझी नजर सवयीने नावाच्या ओळीकडे गेली. या वेळी ती ओळ होती.

एकाच रोगाच्या कामात एकीकडे नाव नको आणि दुसरीकडे हवे, हे का? त्याचा शोध घेताना मी एचआयव्हीपासून दूर, आनुवंशिक चयापचय विकारांच्या इतिहासात जाऊन पोचलो. कारण हे कार्ड मुळात एचआयव्हीसाठी जन्मलेच नव्हते.

त्याची सुरुवात नॉर्वेत होते. बोर्ग्नी एगेलँड या बाईंची दोन्ही मुले मतिमंद होती आणि त्यांच्या लघवीला एक विचित्र कुबट वास येई. डॉक्टरांना त्यात काही वाटेना, पण आईने पिच्छा सोडला नाही. 1934 मध्ये आस्ब्यर्न फोलिंग या डॉक्टरांनी त्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले, तर ती हिरवी झाली. त्यांनी त्यातून फेनिलपायरुव्हिक आम्ल वेगळे काढले. प्रथिनांतला फेनिलअॅलनिन हा घटक पचवणारे एन्झाइम या मुलांत जन्मतःच काम करत नसते. तो घटक रक्तात साठतो आणि वाढत्या मेंदूची हानी करतो. या विकाराला पुढे फेनिलकीटोन्युरिया असे नाव मिळाले. 1953 मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे होर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घटक कमी केलेला आहार देऊन एका मुलीत सुधारणा दाखवली. म्हणजे उपाय होता. पण मेंदूची हानी होण्याआधी, जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच निदान व्हायला हवे होते.

ते शक्य केले अमेरिकेतील बफेलो शहरातल्या रॉबर्ट गथ्री यांनी. त्यांचा एक मुलगा मतिमंद होता. 1958 मध्ये त्यांच्या पत्नीच्या भाचीला फेनिलकीटोन्युरिया असल्याचे कळले, तेव्हा ती वर्षाची होऊन गेली होती. फार उशीर झाला होता. गथ्री मूळचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. त्यांनी आगरच्या थरात जिवाणू मिसळले आणि त्यांची वाढ रोखणारे एक रसायन घातले. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब कागदावर टिपायचा, सुकवायचा, त्याची छोटी चकती पाडून आगरवर ठेवायची. रक्तात फेनिलअॅलनिन जास्त असेल, तर ते रसायन हरते आणि चकतीभोवती जिवाणूंचे वलय उमटते. वलय जितके मोठे, तितका धोका जास्त. मोठे यंत्र नको, रक्ताची बाटली नको, बर्फाची पेटी नको. कार्ड पाकिटात घालून टपालाने पाठवता येई. 1961 पासूनच्या दोन वर्षांत अमेरिकेतल्या 29 राज्यांत चार लाख बाळांची तपासणी झाली आणि 39 बाळांत हा विकार सापडला. 1963 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ही तपासणी कायद्याने आवश्यक केली.

आता छपाईवाल्याच्या नजरेने पाहा. या कार्डावर सर्वांत महत्त्वाची जागा कोणती? वर्तुळे नव्हेत, नाव आणि पत्ता. चार लाखांतली ती 39 घरे शोधून, दार ठोठावून, ‘बाळाचे दूध बदला’ असे सांगायचे होते. नाव चुकले तर सारी मेहनत पाण्यात.

पुढची पंचवीस वर्षे ही कार्डे साठत गेली. 1980 च्या दशकात एड्स आला. किती स्त्रियांना लागण झाली आहे हे कळायला मार्ग नव्हता, कारण तपासणीला आपण होऊन येणारे लोक साऱ्या समाजाचा नमुना नसतात. तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांना ही कार्डे आठवली. नवजात बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे असतात. म्हणजे बाळाचा थेंब तपासला की आईची लागण कळते. त्यांनी कार्डांवरचे उरलेले रक्त नाव काढून तपासले. तीस हजारांहून अधिक नमुन्यांत लागणीचे प्रमाण हजारी सुमारे दोन निघाले, असे 1988 मध्ये प्रसिद्ध झाले. लगेच ही पाहणी देशभर सुरू झाली.

नाव काढण्यामागची कारणे खोटी नव्हती. नाव फुटले तर नोकरी जाई, घर जाई. शिवाय निदान झाले तरी देण्यासारखे फारसे काही नव्हते. पण फेब्रुवारी 1994 मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या एका चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला : गरोदरपणात आणि बाळंतपणात आईला, नंतर बाळाला झिडोव्हुडिन दिले, तर बाळाला होणारी लागण 25.5 टक्क्यांवरून 8.3 टक्क्यांवर येते. आता निनावी कार्डांचा अर्थच बदलला. प्रयोगशाळेत कुठल्या तरी आईची लागण दिसत होती, आणि ती आई कोण हे कळण्याची वाट मुद्दाम बंद केलेली होती. यावरून वादळ उठले. मे 1995 मध्ये ती पाहणी थांबवण्यात आली. फेब्रुवारी 1997 पासून न्यूयॉर्क राज्याने प्रत्येक नवजात बाळाची एचआयव्ही तपासणी नावानिशी सक्तीची केली. त्यावरही आक्षेप आलेच : बाळाच्या नावाखाली ही आईची तपासणी तिच्या संमतीविना होते, आणि बाळंतपण होऊन गेल्यावर गरोदरपणातली संधी तर हुकलेलीच असते.

आपल्याकडे 1998 पासून देशभर वार्षिक पाहणी होऊ लागली. प्रत्येक प्रसूतिपूर्व केंद्रावर ओळीने 400 गरोदर स्त्रियांच्या, गरमीच्या तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातला भाग नाव काढून तपासायचा, अशी पद्धत होती. माझ्या फॉर्मवरचा ‘नको’ तो हा. साथ कुठे वाढते आहे, पैसा आणि औषधे कुठे न्यावीत, हे महाराष्ट्राला या पाहणीने दाखवले, हे नाकारता येणार नाही. आईकडून बाळाला होणारी लागण टाळण्यासाठी नेव्हिरापिन देण्याचा कार्यक्रमही त्याच काळात देशात सुरू झाला होता. पण तो सर्वत्र पोचलेला नव्हता.

बाळांचा प्रश्न आणखी अवघड होता. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. तोवर नेहमीची तपासणी काही ठरवू शकत नाही. आणि उपचारांविना लागण झालेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दोन वर्षांच्या आत दगावतात. 2008 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका चाचणीने दाखवले, की लागण कळताच औषधे सुरू केली तर तान्ह्या बाळांचे मृत्यू 76 टक्क्यांनी घटतात. त्यासाठी विषाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर तपासणी हवी, ती मोठ्या शहरांतच. आणि बाळ खेड्यात. इथे गथ्रींचे कार्ड पुन्हा कामी आले. 2010 मध्ये नॅकोने सहा आठवड्यांच्या बाळापासून ही तपासणी सुरू केली. टाचेचा थेंब कागदावर सुकवून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा आणि निकाल नावानिशी परत आणायचा. नॉर्वेतल्या एका आईच्या हट्टापासून निघालेला हा धागा असा आपल्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आला.

गंमत नव्हे, खेद असा की ज्या विकारांसाठी हे कार्ड निघाले, त्यांची तपासणी आपल्या देशात आजही प्रत्येक बाळाची होत नाही. 1980 च्या दशकात बंगळूरच्या डॉ. एन. अप्पाजी राव आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या एक लाखाहून अधिक नवजात बाळांचे रक्त तपासून असे विकार आपल्याकडेही आहेत हे दाखवले होते. त्यालाही आता किती वर्षे झाली!

लाल शाईचे ते प्रूफ मी जपून ठेवले आहे. त्या वेळी तो ‘नको’ मला उद्धट वाटला होता. आज तसे वाटत नाही. त्या बाईचे नाव गावभर होऊ नये, ही काळजी त्यात होती. पण तिच्या रक्तात काय सापडले ते तिला कधीच कळणार नाही, हेही त्याच शब्दात होते. नाव घ्यावे की न घ्यावे, याचे एकच उत्तर माझ्याकडे नाही. मला एवढे कळते की नाव न घेता रक्त घ्यायचे, तर त्याच दवाखान्यात, त्याच दिवशी, शेजारच्या खोलीत तिला स्वतःसाठी नाव सांगून विचारता आले पाहिजे. आणि ती खोली तिथे आहे, हे तिला कुणीतरी सांगितले पाहिजे. आमच्या फॉर्मवर छापलेल्या त्या स्त्रियांपैकी कितीजणींना ते सांगितले गेले, याचा रकाना मात्र त्यात नव्हता, आणि तो घालावा हे मलाही तेव्हा सुचले नाही.