एक नऊ दोन, एक सहा आठ: घरगुती पत्त्याची कुळकथा

कल्याणजवळच्या शहाडच्या कुठल्याही इमारतीत टीव्हीमागचा राउटर उलटा करून बघा. तळाच्या पांढऱ्या स्टिकरवर वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि एक पत्ता छापलेला असतो: बहुतेक वेळा १९२.१६८.१.१. जिओचा डबा असेल तर १९२.१६८.२९.१. नेट जोडायला आलेला केबलवाल्याचा पोरगा हा आकडा तोंडपाठ म्हणत क्रोममध्ये टाकतो. शेजारच्या घरातही हाच पत्ता, रुळांपलीकडच्या सोसायटीतही हाच. उल्हासनगरात बॅरॅक नंबर न लिहिता नुसतं ‘खोली नंबर १’ लिहिलं, तर पोस्टमन हात टेकेल. १९२.१६८ हा तसलाच खोली नंबर. घरातल्यांपुरता खरा, बाहेर निरर्थक.

हे मुद्दाम ठरवलेलं आहे. इंटरनेटचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि ते संपणार हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं होतं. मार्च १९९४ मध्ये याकोव्ह रेख्टर आणि तीन सहकाऱ्यांनी ‘आरएफसी १५९७’ या टिपणात सुचवलं की तीन पट्टे खाजगी वापरासाठी मोकळे सोडावेत, ते कुणीही आपापल्या आवारात वापरावेत. त्यातला १० चा पट्टा म्हणजे १९९० मध्ये बंद पडलेल्या अर्पानेटचा, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाचा, जुना नंबर. १९२.१६८ चा पट्टा सगळ्यांत लहान, ६५,५३६ पत्त्यांचा. घराघरांत गेला तो हा. जुलैत एलियट लिअर आणि इतरांनी या कल्पनेला विरोध करणारं टिपणही काढलं. फेब्रुवारी १९९६ मध्ये सुधारित ‘आरएफसी १९१८’ आलं, तेव्हा त्याच्या लेखकांत लिअरही होते. भांडणारा माणूस मसुद्याला बसला की मसुदा टिकतो, असं म्हणायला हरकत नाही. हे टिपण तीस वर्षं टिकलंय.

यातूनच एक समजूत रुजली. बाहेरचा कुणी १९२.१६८ पर्यंत पोचूच शकत नाही, मग कुलूप कशाला? म्हणून राउटरचं युजरनेम ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’. भारतात याची किंमत जुलै २०१७ मध्ये दिसली. ठाण्यापर्यंत एमटीएनएल आणि डोंबिवली-कल्याणपासून पुढे बीएसएनएल, ही आपल्याकडची जुनी वाटणी. त्या बीएसएनएलचे देशभरातले सुमारे ६० हजार मोडेम एका व्हायरसने बंद पाडले. कंपनीने दिलेला पासवर्ड ज्यांनी बदलला नव्हता, ते मोडेम सापडले. तो हल्ला थेट बाहेरून आला होता. त्याहून चलाख रस्ता मात्र घरातूनच जातो, आणि तो म्हणजे ब्राउझर.

ब्राउझर बसलेला असतो घरात, पण चालवतो बाहेरच्यांचा कोड. १९९५ मध्ये नेटस्केपने जावास्क्रिप्ट आणली आणि तिच्याबरोबरच एक नियम आला: एका साइटच्या कोडने दुसऱ्या साइटचं उत्तर वाचायचं नाही. वाचायचं नाही, एवढंच. निरोप धाडायला मनाई नव्हती. पानावर फोटो म्हणून १९२.१६८.१.१ चा दुवा ठेवला, तर ब्राउझर तो ‘फोटो’ आणायला मुकाट्याने तुमच्या राउटरकडे जातो, आणि त्या दुव्यातच सेटिंग बदलायचा हुकूम असू शकतो. डिसेंबर २००६ मध्ये सिड स्टॅम, झुल्फिकार रमझान आणि मार्कस याकोबसन यांनी हे कागदावर मांडलं. २००८ च्या सुरुवातीला मेक्सिकोत ते प्रत्यक्ष घडलं: शुभेच्छापत्राचा ईमेल उघडला की मोडेमची सेटिंग बदलायची आणि बँकेचं नाव टाकलं की भलतंच पान उघडायचं.

यावर उपाय यायला कमालीचा उशीर झाला. २०२१ मध्ये क्रोमने असुरक्षित साइटींना घरगुती पत्त्यांकडे जायला बंदी केली. पुढचा कडक टप्पा जुन्या उपकरणांपायी रखडला आणि २०२४ मध्ये बाजूला ठेवला गेला. जून २०२५ मध्ये संशोधकांनी उघड केलं की मेटा आणि यांडेक्सच्या वेब-कोडातून अँड्रॉइड फोनमधल्या त्यांच्याच ॲपकडे, फोनच्या आतल्याच पत्त्यावरून, गुपचूप माहिती जात होती. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर, क्रोम १४२ पासून, ब्राउझर सरळ विचारू लागला: ही साइट तुमच्या नेटवर्कवरची उपकरणं शोधू पाहते आहे, परवानगी द्यायची का? मॅकवर तर त्याआधीच, २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीपासून, खुद्द क्रोमलाच ही परवानगी लागते. ती नाकारली तर राउटरचं पान उघडत नाही आणि माणूस उगाच केबलवाल्याला फोन करतो. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खालच्या ‘लोकल नेटवर्क’ यादीत क्रोमचं बटण सुरू केलं की काम होतं.

प्रश्न विचारणं योग्यच, पण विचारायची भाषा अशी की घाईतला माणूस ‘ब्लॉक’ दाबतो. मग कॅमेऱ्याच्या साइटवरून एनव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, दिसत नाही, प्रिंटर सापडत नाही. सीसीटीव्हीवाल्यांना असल्या वैतागाची सवय आहे. जुन्या डीव्हीआरचं चित्र दिसायला इंटरनेट एक्सप्लोरर आणि त्याचं प्लगिन लागायचं. जून २०२२ मध्ये एक्सप्लोररला निरोप मिळाला, तरी एजमधला ‘आयई मोड’ कसा चालू करायचा हे त्यांना अजून पाठ आहे. आता ॲड्रेस बारच्या डावीकडचं चिन्ह दाबून ‘साइट सेटिंग्ज’मधून दिलेला नकार मागे घेणं, हे नवं काम वाढलं.

तुम्ही स्वतः १९२.१६८.१.१ टाइप केलंत तर क्रोम हा प्रश्न विचारत नाही, पण शेजारी ‘नॉट सिक्युअर’ मात्र लिहितो. त्याला इलाज सहज नाही. सुरक्षित पानाला प्रमाणपत्र लागतं, आणि असल्या पत्त्यांची सर्वमान्य प्रमाणपत्रं १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करायचं ठरलं होतं. जो नंबर घरोघरी आहे, त्याचा मालक कोण म्हणून लिहून द्यायचं?